नाण्यावरचे चिन्ह आणि नाण्यातील धातू

उज्जैनच्या राम घाटावर सिंहस्थात लक्षावधी लोक क्षिप्रेत स्नान करतात. याच नदीच्या काठी, शहराच्या उत्तरेस, गढकालिकेचे टेकाड आहे. प्राचीन उज्जयिनी तेथे वसली होती. तिच्या तांब्याच्या नाण्यांवर अधिकचिन्हासारखी आकृती व तिच्या चार टोकांस चार वर्तुळे आढळतात. नाणकशास्त्रात यास 'उज्जयिनी चिन्ह' म्हणतात. ते पाहून आपणांस क्रूस आठवला तर नवल नाही; परंतु ही नाणी ख्रिस्तजन्मापूर्वीपासून पाडली जात होती. तेव्हा त्यांवरून माळव्यात आद्य ख्रिस्ती मंडळी होती असे शिकविणे सत्यास सोडून होईल. आम्हांस चिन्हाहून नाण्याचा धातूच अधिक बोलका वाटतो.

तांबे खाणीतून बहुधा गंधकाशी संयुक्त होऊन येते. अशी खनिज माती आधी भाजावी लागते, म्हणजे गंधक धुराबरोबर निघून जातो. मग लोणारी कोळशाबरोबर ती भट्टीत घालून भात्याने फुंकतात. कोळसा प्राणवायू ओढून घेतो, दगडमातीची मळी वर तरंगते आणि तांबे तळाशी उतरते. शुद्ध तांबे वितळण्यास १०८५ अंश उष्णता लागते; त्यात कथील मिसळले की ते कमी उष्णतेवर वितळते व थंड झाल्यावर अधिक कठीण होते. हेच कांसे.

रुपे काढण्याची रीत निराळी. ते पुष्कळदा शिशाच्या खनिजात दडलेले असते. प्रथम रुप्यासह शिसे गाळून घेतात. मग हाडांच्या राखेच्या उथळ मुशीत ते तापवून वरून वारा देतात. शिशाची भस्मरूप मळी होते, ती राख शोषून घेते आणि मुशीत रुप्याचा गोळा राहतो. मलाखीच्या ग्रंथातील रुपे शुद्ध करणारा कारागीर अग्नीजवळ बसून का राहतो, हे यावरून उमगते. हे काम टाकून उठता येत नाही.

कथील माळव्यात कोठून येणार? पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील, शिसे व रुप्याची नाणी यांची नोंद आहे. त्याच बंदरी उज्जयिनीहून अकीक व तलम कापड जात असे. रोमी रुपे येथे आटवून त्याची नवी नाणी पाडली गेली असावीत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. तो आम्हांस पटतो.

सातवाहनांनी शिसे व पोटीन, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांची मिश्रधातू, यांची नाणी चालविली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांवर रुप्याच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता, व त्या छापात हेच उज्जयिनी चिन्ह आहे. ती आटविली नाहीत, म्हणूनच कित्येकांवर खालचा नहपानाचा मुखवटा आजही दिसतो.