यंत्राच्या साक्षीमागे हजर कोण?

मराठी दप्तरांतला ‘महजर’ हा शब्द मी वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहितो. अरबी ‘हाजिर’ आणि आपला रोजचा ‘हजर’ हे त्याचे सख्खे भाऊ. सतराव्या-अठराव्या शतकात वतनाचा तंटा निवडला की सभेत महजर लिहिला जाई. त्यावर शिक्के, हजर असलेल्यांची नावे, पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी. बनावट महजरही झाले. पण कागदावर शंका आली तर ज्याला विचारायचे, तो माणूस गावात होता.

संगणकाच्या कागदाची अडचण नेमकी इथे आहे. मूळ नोंद कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरमध्ये असते; कोर्टात येते ती छापील प्रत किंवा सीडी. ती मधल्या मधे बदलली तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याने १७ ऑक्टोबर २००० पासून १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले. प्रत चालेल, पण ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने सही करून सांगावे की नोंद कशी निघाली आणि यंत्र नीट चालत होते. थोडक्यात, कागदामागे कुणी तरी हजर राहा.

पहिली मोठी कसोटी संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात लागली. १३ डिसेंबर २००१ चा तो हल्ला. मोबाइल कंपन्यांच्या कॉल नोंदी पुराव्यात आल्या, मात्र ६५-ब चे प्रमाणपत्र त्यांच्यासोबत नव्हते. ४ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नसले तरी चालेल. दुय्यम पुराव्याच्या जुन्या कलमांखाली नोंदी सिद्ध होऊ शकतात. त्याच निकालात अफझल गुरूचा कबुलीजबाब न्यायालयाने बाजूला ठेवला होता. त्यामुळे परिस्थितिजन्य पुराव्याचे, आणि त्यात या कॉल नोंदींचे, वजन वाढले. फाशी कायम झाली.

याच खटल्यात प्रा. एस. ए. आर. गिलानी यांच्या फोनवरचे काश्मिरी बोलणे पोलिसांनी टेप केले होते. सरकारी पक्षाच्या आणि बचावाच्या साक्षीदारांनी त्याच शब्दांचे वेगवेगळे अर्थ लावले. गिलानींना उच्च न्यायालयाने २००३ मध्ये सोडले, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. यंत्र आवाज पकडते. हसण्यात म्हटलेल्या शब्दाचा अर्थ काय, याचे प्रमाणपत्र ते देत नाही.

९ फेब्रुवारी २०१३ रोजी अफझल गुरूला फाशी झाली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे एकोणीस महिन्यांनी, केरळमधल्या एका निवडणूक वादात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितले की २००५ चा तो कायद्याचा अर्थ चुकीचा होता. प्रमाणपत्राशिवाय प्रत पुराव्यात घेता येत नाही. संसद खटल्यात दुसराही पुरावा होता, तेव्हा शिक्षा टळलीच असती असे मी म्हणणार नाही. मात्र हा मुद्दा पुन्हा मांडायला तो माणूस उरला नव्हता. मग २०१७ मध्ये आणखी एक दार लागले. प्रमाणपत्राची हरकत खटल्याच्या वेळीच घ्या, अपिलात पहिल्यांदा घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे २००५ चा निकाल प्रमाण मानून ज्यांचे वकील गप्प बसले, त्यांना ती शांतताच भोवणार.

आता आपल्या जालन्याकडे या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे, की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या कॅमेऱ्यांत ते चित्रित झाले होते. सीडी मिळाल्या, पण प्रमाणपत्र मागून मागून मिळेना. मिळणार कसे? कॅमेरा प्रशासनाचा, आणि तक्रारही त्याच प्रशासनाच्या वागण्याबद्दल! औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीवरून काम भागवले आणि निवडणूक रद्द केली. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचेच ठेवले. मूळ उपकरण कोर्टात आणले तर ते लागत नाही. आणि सगळे प्रयत्न करूनही समोरचा देत नसेल, तर त्यापुरती सूट. गोरंट्याल यांना ती सूट मिळाली. ते माजी आमदार होते, हायकोर्टात वकील उभा करू शकत होते. चौकातल्या सीसीटीव्हीत आपला मुलगा त्या वेळी दुसरीकडे होता हे दाखवू पाहणाऱ्या बापाचे काय? तो अर्ज लिहीपर्यंत जुन्या चित्रीकरणावर नवे चढलेले असते.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा आला. त्याच्या कलम ६३ मधले प्रमाणपत्र दोन भागांचे आहे: एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलचे हॅश मूल्यही लिहायचे. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठा. आत एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. कल्पना चांगली आहे. मात्र हॅश काढण्याआधीच फाइलमध्ये फेरफार झाला असेल, तर अंगठा त्या बदललेल्या फाइलचाच उमटतो. आणि पोलिसांच्या हाताशी प्रयोगशाळा असते. तालुक्याच्या गावी जामिनासाठी धावणाऱ्या घराने दुसऱ्या भागावर सही करणारा तज्ज्ञ कुठून आणायचा, आणि त्याची फी कुणी भरायची?