इने
१४. इने : क्योतो प्रांतातले कोळ्यांचे गाव. क्योतो म्हटले की देवळे आणि बागा आठवतात, पण हे गाव त्या शहरापासून पुष्कळ उत्तरेला, तांगो द्वीपकल्पावर, जपानच्या समुद्राकाठी आहे. लेखकाने समुद्र ‘घरात शिरतो’ असे लिहिले आहे ती अतिशयोक्ती नव्हे. उपसागराच्या कडेने सुमारे २३० ‘फुनाया’ दाटीवाटीने पाण्यालगत उभ्या आहेत. खालच्या मजल्याची जमीन उतरती. होडी थेट आत ओढून घ्यायची, जाळी-दोर तिथेच ठेवायचे. वरचा मजला पूर्वी जाळी वाळवायला असे, राहणे मागच्या रस्त्यापलीकडच्या मुख्य घरात. हा रस्ताही १९३०च्या दशकातला. त्यासाठी कित्येक फुनाया समुद्राकडे सरकवाव्या लागल्या.

असली घरे टिकतात कशी, हा प्रश्न कोकणातल्या वाचकाला पडणारच. उपसागराचे तोंड दक्षिणेला असल्याने हिवाळी वाऱ्यांना मागचे डोंगर अडवतात, तोंडाशी आओशिमा बेट लाटा झेलते. मुख्य म्हणजे जपानच्या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम अर्ध्या मीटरची. मुंबईचे उधाण चार मीटरांहून अधिक चढते. तिथे हा थाट पहिल्याच अमावास्येला बुडाला असता.

पूर्वी इथे देवमासेही उपसागरात कोंडून मारत. आओशिमावर त्यांचे थडगे आहे; पर्यटकांच्या माहितीपत्रकांत ते सहसा शेवटी येते. २००५ साली वस्तीला राष्ट्रीय संरक्षण मिळाले. गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास, त्यात म्हातारी माणसेच जास्त. काही फुनायांत आता पाहुणे उतरतात.
— संपा.