जेऊरची सावली आणि जळकोटची वही

22 जानेवारी 1898. भर दुपारी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून विजयदुर्गच्या किनाऱ्यावर चढली. सह्याद्री ओलांडून ती सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली, पुढे वऱ्हाड, नागपूरकडचा भाग असं करत थेट बक्सरपर्यंत पोचली. या पट्ट्यात प्रत्येक ठिकाणी जेमतेम दोन मिनिटं खग्रास सूर्यग्रहण होतं. त्या दोन मिनिटांसाठी जगभरातून माणसं आपल्या मुलखात येऊन तंबू ठोकून बसली होती.

शाळेच्या स्मरणिकेत ग्रहणाचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण त्या सावलीचा आणि आपल्या शाळेचा एक धागा आहे. तो गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी मनात बाळगून आहे. आज सगळे एकत्र जमतो आहोत, म्हणून सांगते.

आधी जेऊर. मुंबई–मद्रास रेल्वेवरचं हे साधं स्टेशन. वाहतुकीची सोय आणि जानेवारीतलं निरभ्र आकाश, दोन्ही तिथे मिळत होतं. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल पत्नी एलिझाबेथ यांच्यासह आले होते. त्यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा सोबत आणून माळावर उभा केला. जपानहून आलेली एक तुकडी होती. आणि पुण्याहून आले होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवालांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. 1882 मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या देणगीतून आणि सरकारने घातलेल्या रकमेतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. हेच कॉलेज पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून नावारूपाला आलं. वीस इंच व्यासाच्या आरशाची तिथली दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. नायगमवाला एकट्याच्या हिमतीने ती वेधशाळा चालवत. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली, पुढे अनेक दशकांनी लेहला. पुण्यात मागे उरला तो त्यांनी छापलेला जेऊरच्या ग्रहणाचा अहवाल. दुर्बीण गेली, इमारत गेली, नोंद मात्र राहिली.

काळ कसा होता, तेही लक्षात घ्या. प्लेगने पुणं हादरलेलं होतं. रँडचा वध होऊन जेमतेम सात महिने झाले होते. दोनच वर्षांपूर्वी, 1896 मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला होता. दीक्षित पेशाने शिक्षक. म्हणजे प्लेग, दडपशाही, भीती हे सगळं चालू असतानाही कुणीतरी वर बघत होतं आणि बघितलेलं लिहून ठेवत होतं.

त्याच दिवशी वऱ्हाडात तळणी इथे ॲनी माँडर उभ्या होत्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत त्या आकडेमोडीच्या कामावर होत्या. अशा कामावरच्या माणसाला तेव्हा ‘कॉम्प्युटर’ म्हणत. लग्न झालं तशी त्यांना नोकरी सोडावी लागली. नोकरी गेल्यावर स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने त्यांनी तळणीहून सूर्याच्या प्रभामंडळातला इतका लांब झोत टिपला, की तोवर तेवढा कुणालाच टिपता आला नव्हता. कॉम्प्युटरवर पोट भरणारी बाई म्हणून मला त्यांच्याविषयी जरा जास्तच आपलेपणा आहे.

आता विजयदुर्ग. तिथल्या किल्ल्याजवळच्या चौथऱ्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. 1868 च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने इथूनच हेलियमचा शोध लावला, असं सर्रास सांगितलं जातं. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाची सावली आपल्या देशावरून गेली हे खरं. पण त्या दिवशी सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटाचा अभ्यास फ्रान्सचे जान्सन यांनी केला, तो गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ज्वाळांमधली पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये पाहिली, तीही घरच्या घरी, ग्रहणाशिवाय. विजयदुर्गला ते आले तीस वर्षांनी, 1898 च्या ग्रहणासाठी. कट्टे खरे, साहेब खरा, फक्त साल आणि शोध एकमेकांत मिसळले. लिहून ठेवलेलं असल्यामुळे आपण हा गुंता सोडवू शकतो. नुसत्या ऐकीव गोष्टीवर राहिलो असतो तर कधीच सुटला नसता.

हे सगळं मला कळलं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात. आकाशदर्शनाची आवड असलेले आम्ही दहा-बारा जण होतो. ग्रहणाला शंभर वर्षं झाली म्हणून एक रात्र जेऊरला काढायचं ठरलं. शनिवार, 24 जानेवारी 1998. पॅसेंजरने गेलो. हाताने घासलेल्या आरशाची सहा इंची दुर्बीण, एक बायनॉक्युलर, लाल जिलेटीन गुंडाळलेल्या बॅटऱ्या आणि एक दोनशे पानी वही. गावात दोघा-चौघांना शंभर वर्षांपूर्वीच्या तंबूंबद्दल विचारलं. कुणाला काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी शनीची कडी बघितली. मग मृग नक्षत्रातला तेजोमेघ. अमावास्या चार दिवसांवर होती, त्यामुळे पहाटेपर्यंत चंद्राचा अडसर नव्हता. थंडीने बोटं वाकत नव्हती. तरी आमच्यातला सर्वांत थोरला दादा दर निरीक्षणानंतर वही पुढे करायचा. वेळ लिहा. आकाश कसं आहे ते लिहा. काय दिसलं ते लिहा. काही दिसलं नाही, तर ‘दिसलं नाही’ असं लिहा. शेवटी सही करा. मध्यरात्री मला त्याचा राग आला होता. पहाटे ती पानं चाळताना वाटलं, रात्र आपल्या हातात राहिली.

बाकीचे पुण्याला परतले. 26 तारखेची सुट्टी जोडून मी गावाकडे निघाले. कुर्डुवाडीला उतरून लातूरची छोटी गाडी धरली. ती बार्शी लाईट आपल्यापैकी कितीतरी जणांना आठवत असेल. पळणाऱ्या माणसाने तिला गाठावं, असा तिचा वेग. मग लातूरहून एसटी. जळकोट तेव्हा तालुका झालेलं नव्हतं, शेवटची गाडी चुकली की मुक्काम ठरलेला. घरी पोचले तेव्हा रात्र झाली होती आणि वीज गेलेली होती. आजी अंगणात बाजेवर बसली होती. वर बघितलं तर जेऊरला होतं तेच आकाश, किंबहुना थोडं जास्तच काळं.

आजीला म्हटलं, हे मृग बघ. ती म्हणाली, “ते व्हय, तिकांडं. ते कवा उगवतंय, कवा मावळतंय, त्यावर आमी पहाटचं मोटंवर जायचो.” तिला दुर्बिणीची गरज नव्हती. तिच्याजवळ साठ वर्षांची निरीक्षणं होती, फक्त वही नव्हती.

आणि मला 1993 आठवलं. आपल्या 1994 च्या दहावीच्या तुकडीला वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. आपल्या गावाला धक्काच बसला, पण त्यानंतर कित्येक रात्री आपण कुणीच घरात झोपलो नाही. शाळेचं मैदान, खळी, रस्त्याची कड, जागा मिळेल तिथे अंथरुणं. सुरुवातीच्या रात्री पौर्णिमेच्या होत्या. मग चंद्र उशिरा उगवू लागला, तसतसं आकाश भरत गेलं. लातूर जिल्ह्यातलं आख्खं एक पिढीभर पोरं त्या महिन्यात भीतीने जागत तारे बघत होती. आपले भूगोलाचे सर कंदील घेऊन फिरायचे आणि रडणाऱ्या पोरांना कृत्तिकेतले तारे मोजायला लावायचे. कुणाला सहा दिसायचे, कुणाला सात. मोजता मोजता झोप लागायची. त्या रात्रींबद्दल आपल्यापैकी कुणी काही लिहून ठेवलं आहे का? माझ्याकडे एक ओळही नाही.

26 जानेवारीला झेंडावंदनाला शाळेत गेले. सरांनी मला पुढे बोलावलं आणि “पोरांना जेऊरचं सांग” म्हणाले. मी दहा मिनिटं बोलले. सावलीचा पट्टा कसा पुढे सरकत गेला ते हवेत हात फिरवून दाखवलं. खाली बसलेला आठवीतला एक मुलगा उठला आणि त्याने विचारलं, “ताई, ती सावली आपल्या गावावरून गेली होती का?”

हाच तो धागा. त्या दिवशी उत्तर हाताशी नव्हतं. पुढे नोकरीत स्थिरावल्यावर नकाशा घेऊन बसले. जेऊर आणि वर्ध्याजवळचं पुलगाव या दोन्ही ठिकाणी तेव्हा निरीक्षकांच्या छावण्या होत्या. त्यांना जोडणारी रेघ ओढली की ती बीड–परभणीच्या बाजूने, म्हणजे मराठवाड्यातूनच जाते. जळकोट त्या रेघेपासून सुमारे शंभर किलोमीटर आग्नेयेला आहे. म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. आपल्या गावात पूर्ण अंधार झाला नाही. पण सूर्याची बारीक कोर तेवढी उरली असणार, भर दुपारी ऊन पिठूर चांदण्यासारखं झालं असणार, पाखरं गोंधळली असणार. ‘असणार’ हा शब्द मी तीनदा वापरला, कारण हे सगळं मी गणितावरून सांगते आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादची निजामिया वेधशाळा 1901 ची, म्हणजे ग्रहणानंतरची. सावली आपल्या शेजारून गेली, पण तिच्या इतिहासात नावं उरली ती विजयदुर्ग, जेऊर, तळणी, पुलगाव यांची, जिथे कुणीतरी घड्याळ आणि वही घेऊन उभं होतं.

माझ्या धंद्यात रात्री दोन वाजता एखादी यंत्रणा कोसळते तेव्हा पहिला प्रश्न असतो, लॉग कुठे आहे? काय झालं, किती वाजता झालं, हे यंत्राने लिहून ठेवलेलं नसेल तर मोठमोठे इंजिनिअर अंदाज बांधत बसतात. गावाचंही तसंच आहे. आपल्याकडे काही घडलं नाही असं नाही. ते लिहिलं गेलं नाही. आपण मराठवाड्याच्या मागासलेपणावर पुष्कळ बोलतो, निधी आणि अनुशेषावर बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण वहीला कुणाची मंजुरी लागत नाही.

म्हणून या स्नेहमेळाव्यात माझी एक सूचना आहे. शाळेत आकाशाची एक वही सुरू करू या. सुरुवात सोपी आहे. जळकोट सुमारे 18.6 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, 14 मेच्या आणि 29 जुलैच्या आसपास, सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात. मे महिन्यात आकाश मोकळं असतं. शाळेला सुट्टी असते हे खरं, पण लग्नसराईसाठी आपण सगळे गावी येतो ते त्याच दिवसांत. मैदानावर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करायची. दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीची लांबी मोजायची. 12 वाजून 18 मिनिटांच्या सुमारास ती सर्वांत कमी होईल. तारीख, वेळ, लांबी, आकाश, मोजणाऱ्याचं नाव, एवढे पाच रकाने. ढग आले तर ‘ढग’ लिहायचं. दरवर्षी नवी मुलं, तीच वही.

दुसरा भाग मोठ्यांसाठी. त्याच वहीच्या मागच्या पानांवर 1993 च्या रात्री लिहू या. कोण कुठे झोपलं होतं, किती दिवस, काय दिसलं. सर आता थकले आहेत. कंदिलाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकून उतरवून घ्यायला हवी आणि ते काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

मेळाव्याला मी दोनशे पानी वही घेऊन येते आहे. रकाने आखलेले आहेत. पहिली ओळ कुणी लिहायची, ते आपण तिथे ठरवू.