कलम ६६-अ : अभिव्यक्तीची सीमारेषा

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ समाविष्ट झाले. संगणक वा मोबाइलद्वारे ‘घोर आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. ‘आक्षेपार्ह’ म्हणजे नेमके काय, हे मात्र कायद्याने सांगितले नव्हते. ते ठरविणे पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीस अटक झाली. तो मजकूर केवळ ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीसही! त्यात शिवीगाळ नव्हती, चिथावणी तर नव्हतीच.

२४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा आणि मताचा पुरस्कार, तो कितीही अप्रिय असो, संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार संरक्षित आहे. शब्द चिथावणीपर्यंत पोहोचल्यावरच निर्बंधाचा प्रश्न उद्भवतो, असा हा निर्वाळा होय. अश्लील मजकुराविषयीचे कलम ६७ आणि बालकांच्या लैंगिक चित्रणाविषयीचे ६७-ब मात्र कायम आहेत, आणि ते योग्यच आहे.

रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविणे तरीही थांबले नाही. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला सर्व राज्यांच्या पोलिसांना पुन्हा आदेश द्यावा लागला.