संचयाचे स्थान आणि वितरणाची सत्ता

कोणतीही गोष्ट असंख्य लोकांपर्यंत पोचवावयाची झाल्यास दोन मार्ग संभवतात. एका मध्यवर्ती ठिकाणाहून ती प्रत्येकास पुरविणे हा पहिला, आणि तिचा संचय ग्राहकाच्या सान्निध्यात करून ठेवणे हा दुसरा. इंटरनेटवरून चित्रपट व सामने दाखविणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांनी दुसऱ्या मार्गाचा अवलंब केला. भंडारा जिल्ह्याच्या इतिहासास हा मार्ग अपरिचित नाही.

या जिल्ह्यातून वैनगंगेसारखी मोठी नदी वाहत असली, तरी येथील धानशेती शतकानुशतके प्रामुख्याने तलावांवर पोसली गेली. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने उताराच्या भूमीवर पाळी बांधून पावसाचे पाणी गावाशेजारीच अडविले. पावसाळ्यात भरलेले तलाव पावसाने ओढ दिली म्हणजे धान तारीत. पाण्याच्या पाळ्या पाणकर सांभाळी.

चित्रप्रसारणाचा प्रारंभ मात्र पहिल्या मार्गाने झाला. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात एकाच उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना दूरदर्शनचे कार्यक्रम मिळाले. त्यांत शेजारच्या मध्यप्रदेशाचा समावेश होता, महाराष्ट्राचा नव्हता. अशा प्रक्षेपणात प्रेक्षक दुप्पट झाले तरी प्रक्षेपकाचा भार वाढत नाही. स्ट्रीमिंगचे तसे नाही. तेथे प्रत्येक प्रेक्षक स्वतंत्र मागणी करतो व त्यास स्वतंत्र प्रवाह द्यावा लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. एवढे प्रवाह एका केंद्रातून सोडणे कोणत्याही यंत्रणेस शक्य नव्हते.

या अडचणीतून निकटच्या संचयाची कल्पना पुढे आली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अकामाई कंपनीने इंटरनेटवरील मजकुराच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवण्याचा व्यवसाय उभारला. नेटफ्लिक्सने २०१२ पासून आपली साठवणयंत्रे थेट इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यांत बसविण्यास आरंभ केला. मागणी कमी असलेल्या वेळी ही यंत्रे चित्रपटांनी भरून ठेवतात. चालू सामना असा आगाऊ साठविता येत नाही. म्हणून त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, आणि एका प्रेक्षकासाठी आणलेला तुकडा जवळच्या सर्व्हरावर ठेवून तोच इतरांस देतात.

येथवरचे साम्य उघड आहे. तथापि भेद त्याहून महत्त्वाचा आहे. पाणी वापरले की सरते. चित्रफितीची प्रत सरत नाही. स्ट्रीमिंगमध्ये टंचाई पडते ती वाहिनीच्या क्षमतेची. मोबाइलच्या एका मनोऱ्याची क्षमता परिसरातील सर्वांमध्ये विभागली जाते. मागणी वाढली म्हणजे प्रेक्षकाच्या यंत्रातील आज्ञावली हलक्या दर्जाचे तुकडे मागविते व चित्र अस्पष्ट होते. तलावाचे पाणी अपुरे पडले तर ते साऱ्या गावास दिसे, पाळ्यांविषयी वाद होई व निवाडाही गावातच होई. येथे टंचाई ज्याच्या त्याच्या पडद्यापुरती राहते. कोणास किती मिळाले याचा हिशेब कंपनीजवळ असतो, गावाजवळ नाही.

मालगुजारी व्यवस्था समतेवर आधारलेली होती, असे म्हणता येत नाही. मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा १९५१ मध्ये अमलात आला, तेव्हा भंडारा मध्यप्रदेशात होता. त्या कायद्याने मालगुजारांची सत्ता संपविली, हे न्याय्यच होते. परंतु तलावही शासनाकडे गेले, आणि गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही गावाने अंगावर घेतलेली कामे कालांतराने निर्वाहाविना राहिली. आज ज्यांस ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांपैकी अनेक गाळाने उथळ झाले. पाणी गावाच्या वेशीवरच होते; त्याविषयीचा निर्णय मात्र दूर गेला होता.

संचय जवळ आणल्याने वितरण शीघ्र होते, हे तलाव आणि सर्व्हर दोहोंनी सिद्ध केले आहे. ते न्याय्य होते की नाही, हे मात्र संचयाच्या स्थानावरून ठरत नाही. टंचाईच्या वेळी पाळी कोण लावतो, यावरून ठरते. म्हणून वितरणाच्या इतिहासाने अंतराइतकीच या अधिकाराची नोंद घेणे अगत्याचे आहे.