एकच कालवा, दोन पाणी

सोलापूर हायवेनं गेला असाल, तर कासुर्डी हे नाव टोलनाक्यामुळे कानावर पडलं असेल. आजची गोष्ट त्या पट्ट्यातल्या पाण्याची.

1870च्या दशकात खडकवासल्याला मुठेवर धरण बांधलं. इंग्रज इंजिनिअर कर्नल फाईफ यांच्यावरून तलावाचं नाव पडलं 'लेक फाईफ'. पुण्याला आणि खडकीला पाणी हवं होतं, आणि पूर्वेकडचा दुष्काळी माळ भिजवायचा होता. म्हणून उजवा कालवा निघाला, तो थेट दौंडच्या बाजूला आला. पुढे नवा मोठा कालवा झाला आणि जुन्याचं नाव पडलं बेबी कालवा.

आता मेख बघा. पुणं वाढलं, धरणाचं पाणी शहर पिऊ लागलं. मग शेतीला काय? तर वापरलेलं पाणी, प्रक्रिया करून. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते उचलून बेबी कालव्यात सोडतात. कालवा तोच, पाणी मात्र बदललं! बाकीचं मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं आणि उजनीत जाऊन थांबतं.

हे 'थांबतं' महत्त्वाचं. सांडपाण्याचा वास गेला, रंग गेला, तरी नायट्रोजन-फॉस्फरस काढायची वेगळी सोय नसेल तर ते बरंचसं त्यात राहतं. उसाला ते खत. तसंच ते जलपर्णीला आणि निळ्या-हिरव्या शेवाळालाही खत. नावाला शेवाळ, खरं तर ते जीवाणू. काही जाती विष तयार करतात, आणि कुठली विषारी हे नुसतं बघून कळत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला सांगावं लागलं होतं, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. उकळून हे विष जात नाही, पाणी आटून उलट घट्ट होतं.

उजनी 1980 मध्ये पूर्ण झालं. क्षमता 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तापतं, काठाला हिरवा थर धरतो. आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी! पाठीला डबा बांधून पोरं पोहायला शिकतात ती याच दिवसांत.

म्हणून सरळ सांगतो. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर दिसला, की उतरायचं नाही. लहान पोरं पोहताना पाणी गिळतात, त्यामुळे धोका त्यांना जास्त. कुत्री, शेरडंही त्या काठाला नेऊ नका. चुकून उतरलात तर लगेच स्वच्छ पाण्यानं अंघोळ. उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना 'कुठं पोहलो' हे आधी सांगा. जलपर्णीत तर पट्टीच्या पोहणाऱ्यानंही शिरू नये, पाय अडकतात. आणि विहीर बरी असं वाटत असेल तर एक लक्षात असू द्या, कालव्याकाठच्या विहिरीला पाझर कालव्याचाच असतो.