ग्लायोब्लास्टोमा : फसवी लक्षणे आणि निदान

ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांच्या मेंदूत मूळ धरणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा आणि अतिशय वेगाने पसरणारा प्रकार. या रोगाचे खास असे एकही लक्षण नाही. गाठ ज्या भागात वाढते त्या भागाचे काम बिघडते. कपाळामागच्या भागात ती असेल तर माणूस निरुत्साही, बेफिकीर होतो आणि नैराश्याचे औषध सुरू होते. गाठीत रक्तस्राव झाला तर पक्षाघात वाटतो. म्हणून सुटे लक्षण पाहण्यापेक्षा तक्रारी आठवड्यागणिक कशा वाढत जातात, हे पाहणे महत्त्वाचे. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांचे 1937 च्या फेब्रुवारीत वाजवता वाजवता क्षणभर भान हरपले आणि त्यांना जळक्या रबराचा वास आला. कानशिलामागच्या भागातून उठणारी आकडी अशी केवळ वासाच्या भासातून प्रकट होऊ शकते. पुढे डोकेदुखी, तोल जाणे, वागण्यातला विचित्रपणा अशी भर पडत गेली, तरी जूनमध्ये रुग्णालयातून घरी पाठवताना हिस्टेरियाचाच संशय होता. 9 जुलैला ते बेशुद्ध झाले आणि 11 जुलैला शस्त्रक्रियेनंतर वारले. वय अवघे 38. त्यांच्या मेंदूतली गाठ याच प्रकारची होती का, यावर पुढे वाद झाला. निदान हुकले, यावर नाही.

प्रत्येक डोकेदुखीला एमआरआय करायचा का, हा आक्षेप रास्त आहे. बहुतेक डोकेदुखीमागे गाठ नसते. पण प्रौढपणी पहिल्यांदाच आलेली आकडी, किंवा वाढत्या डोकेदुखीसोबत बदललेला स्वभाव, ही वेगळी गोष्ट. रोग बरा होत नसेल तर लवकर कळून काय उपयोग, असेही म्हटले जाते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध मिळूनही निम्मे रोगी साधारण सव्वा वर्षाच्या आत दगावतात, हे खरे. तरीही वेळीच कळले तर मेंदूवरचा जीवघेणा दाब टाळता येतो, आणि उरलेला काळ कसा घालवायचा हे रोग्याला शुद्धीत असताना ठरवता येते. त्याला मनोरुग्ण ठरवून हा अधिकार हिरावणे क्रूर आहे.

एमआरआयही शेवटचा शब्द नव्हे. कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर कडेने कड्यासारखी उजळणारी गाठ ग्लायोब्लास्टोमाची असू शकते, तशी पू साचल्याची किंवा क्षयाचीही. क्षय सर्रास असलेल्या भारतात ही शंका आधी फेडावी लागते. निर्णय गाठीचा तुकडा तपासूनच होतो. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारी गाठही जनुकीय खुणांवरून ग्लायोब्लास्टोमा ठरू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणाने मान्य केले आहे.